मेणाचा पहारेकरी

दाताचे डॉक्टर सगळ्यांना माहीत असतात. कवळी कोण करतं, ते मात्र कुणी विचारत नाही. ती करतो हा. दवाखान्यामागची खोली, खिडकीवर प्लास्टरची पांढरी पूड, फळीवर ओळीने मांडलेले जबडे, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसून गुलाबी मेणात एकेक दात रोवणारा हा माणूस. त्याची बायको, धाकटी बहीण आणि बस चालवणारा जुना मित्र त्याला ‘सूत्रधार’ म्हणतात. कौतुकाने म्हणतात असं अजिबात नाही.

ते नाव पडलं एका खेळापायी. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. सूत्रधाराने एक जग रचायचं, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. आपलं पात्र काय करतंय ते ज्याने त्याने बोलून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. ह्याची जगं झकास असायची. अडचण एवढीच, की ती फार पक्की असायची.

मागच्या खेळात बहिणीला एका मोडक्या यंत्रमानवाला वाचवायचं होतं. तिने फासा टाकला. मोठा आकडा पडला. तरी हा म्हणाला, “तो मरणारच. त्याशिवाय माझा पुढचा प्रसंग उभा राहत नाही.”

“मग मला फासा कशाला टाकायला लावलास, दादा?”

“वातावरणनिर्मिती.”

तिने फासा उचलून त्याच्या चहात टाकला आणि चपला घालून निघून गेली. ती गेली तशी बसवालाही गेला. “तुझ्याशी भांडायला कुणी नसेल तर मला झोप येते रे,” म्हणाला.

बहिणीला परत आणायला किती फोन झाले ते विचारू नका. शेवटी ती म्हणाली, “एक रविवार देते. पुन्हा मला खुर्चीसारखं इकडून तिकडे सरकवलंस, तर मी ह्या खेळातून कायमची बाहेर. राखीपुरती... म्हणजे बहीण म्हणून राहीन, खेळाडू म्हणून नाही. कळलं?”

कळलं होतं. म्हणून तर तो जिवाच्या आकांताने तयारीला लागला.

ह्या वेळचं जग असं: वाळवंटात फार पूर्वी एक आकाशजहाज कोसळलं आहे. त्याचं इंजिन अजून गरम आहे. त्या उबेला शहर वसलं आहे, आणि शहरात मांत्रिक आहेत; पण त्यांचे मंत्र चार्ज करावे लागतात. जहाजाच्या तारेला बोट लावल्याशिवाय साधी मेणबत्तीसुद्धा पेटत नाही. जहाजाच्या पोटात एक राणी झोपली आहे, आणि ती राणी म्हणजे खुद्द जहाजच आहे. हे रहस्य उलगडेल तेव्हा बहिणीच्या अंगावर काटा येईल, ह्या आशेवर सगळा डोलारा उभा होता. जहाज तर त्याने दातांच्या उत्तम प्लास्टरमध्ये ओतलं, छोट्या ड्रिलने त्याला खिडक्या कोरल्या. निम्मं टेबल व्यापणारं जहाज!

बायकोने चहा ठेवायला जागा शोधली, सापडली नाही. कप हातात धरूनच तिने विचारलं, “आणि ते जहाजात गेलेच नाहीत तर?”

“जातील. दुसरीकडे रस्ताच नाही.”

“मग त्यांना कशाला बोलावतोयस? तूच जाऊन ये.”

तो भडकला. पण रात्रभर ते डोक्यात घोळलं, आणि सकाळी त्याने जहाजाला आणखी एक दार कोरलं. दार आलं म्हणजे दारामागची खोली आली, खोलीत राहणारं कुणीतरी आलं, त्याचं शत्रुत्व आलं. मग वाटलं, त्या मधल्या झरोक्यातून शिरले तर? आणखी एक दार. जहाजाची पार चाळणी झाली. काम संपेना आणि चिडचिड घरभर सांडू लागली. डब्यातली भाजी अळणी, पंख्याचा आवाज फार, शेजारी शिंकतो कशाला!

अशात डॉक्टरांचा फोन आला. “अरे, त्या निवृत्त मुख्याध्यापिकांची कवळी! बाई ‘स’ म्हणाल्या की शिट्टी वाजते. नातवंडं मुद्दाम त्यांच्याकडून ‘ससा’ म्हणवून घेतायत. मेणातली पाठवलीच नाहीस ना?”

नव्हती पाठवली. दात आधी मेणात लावायचे, पेशंटने ते घालून बोलायचं, हसायचं, चावायचं, खटकेल तिथे मेण ऊन करून दात हलवायचा आणि मगच कवळी कडक करायची, हा त्याच्या हाताचा नेम. ह्या वेळी जहाजाची दारं राहिली होती, म्हणून त्याने मेण वगळून थेट कडक केली.

“आणि रविवारची कवळी?” बायको हसू दाबत म्हणाली. “ती तरी मेणात आहे ना?”

“ती झालीय तयार.”

“मग वाजणार शिट्टी.”

“खेळ म्हणजे कवळी नव्हे!” तो इतक्या जोरात ओरडला, की फळीवरचा एक जबडा खाली पडला.

रविवारी बहीण दवाखान्यामागच्या त्याच खोलीत आली. पर्स खुंटीला न अडकवता मांडीवर घेऊन बसली. बसवाला ड्युटीच्याच पँटमध्ये आला. सूत्रधाराने घसा खाकरला, आवाज खाली आणला, आणि वाळवंट, जहाज, शहर सगळं छान उभं केलं. “मुख्य दाराशी एक यंत्रमानव पहारेकरी उभा आहे. तो बाजूला होतो. दार उघडतं. काय करता?”

“पहारेकऱ्याशी बोलते,” बहीण म्हणाली.

“तो काही विशेष नाही. दार उघडलंय.”

“त्याची ड्युटी कधी सुटते?” बसवाल्याने विचारलं.

“अरे, दार उघडलंय!”

“बसायला स्टूल तरी दिलंय का त्याला?” बायकोनेही तेच धरलं.

“तुम्ही आत का जात नाही!” त्याने टेबलावर थाप मारली. प्लास्टरची पूड उडाली. “इतकी दारं कोरली मी! एका तरी दारात शिरा ना!”

बहिणीने पर्सचा बंद खांद्यावर घेतला. हळूच, आवाज न करता.

त्याने ते पाहिलं. मग उठला, फळीवरून गुलाबी मेणाचा गोळा घेतला, स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर धरला आणि तिथेच उभ्या उभ्या वळू लागला. डोकं, खांदे, एक हात जरा लांब. चेहऱ्यावरची चीड तशीच होती, बोटं मात्र सवयीने चालत होती.

“त्याची ड्युटी सुटत नाही,” तो घुश्शातच म्हणाला. “बदलीवर येणारा केव्हाच मोडून पडला. ह्याला कुणी सांगितलंच नाही.”

“अगं बाई,” बायको म्हणाली.

बहिणीने मेणाचा पहारेकरी हातात घेतला. अजून मऊ होता, तिच्या अंगठ्याचा ठसा त्याच्या पाठीवर उमटला. “ह्याला मी आमच्याबरोबर चल म्हणते. बदलीवाला शोधू.”

“जहाज सोडून?” त्याचा आवाज चिरकला.

“दादा.”

त्याने जहाजाकडे पाहिलं. आत राणी झोपली होती, आणि आता झोपूनच राहणार होती.

“फासा टाक,” तो म्हणाला.

आकडा चांगला पडला. ते जहाजाला पाठ करून चालू लागले, आणि पुढे काय आहे हे सूत्रधाराला ठाऊक नव्हतं. तो अडखळत होता, चिडत होता, “थांबा, विचार करू द्या” म्हणत होता. संध्याकाळ झाली तेव्हा पर्स खुंटीला होती. ती तिथे कधी गेली, कुणी पाहिलं नाही.

निघताना बहीण दारात थांबली. “पुढच्या रविवारी ते जहाज हलव तिथून. चहा ठेवायला जागा नाही.”