मेमरी वाढवल्यावर

"ठैरा बाई, मशीन सोचायलंय," असं म्हणून आमचे जुने कारकून दोन्ही हात की-बोर्डवरून उचलायचे आणि मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचे.

आबिड्समधल्या आमच्या औषधांच्या एजन्सीत ते बिलं करायचे. शेजारच्या टेबलावर मी स्टॉक सांभाळायची. कॉम्प्युटर नुकतेच आले होते. अशी माणसं तुम्हीही आपापल्या ऑफिसात पाहिली असतील: पन्नाशी उलटलेली, टाइपरायटरवर आयुष्य गेलेली.

एकेका बिलाला मशीन इतकं रेंगाळायचं की जीव नकोसा व्हायचा. दुकानदार काउंटरवरून ओरडायचे, मालक केबिनमधून. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मेमरी कमी पडायली, साहेब. मेमरी वाढवा, मग बघा माझं काम." वर्षभर हाच धोशा. त्यांची मुलगी अजून कॉलेजात होती, नोकरी टिकायलाच हवी होती.

शेवटी एकदाचे मालक पाघळले. मेकॅनिक आला, डबा उघडून त्यानं एक बोटभर पट्टी आत बसवली. यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला. मीही हात जोडले, काय करणार!

आणि काय सांगू, मशीन धावायलाच लागलं! बटण दाबायचा अवकाश, बिल तयार. आता थांबायचं ते मशीन, यांच्यासाठी. यांचं एकच बोट अक्षरं शोधत फिरायचं, चष्मा खालीवर व्हायचा. आधी हे सगळं मशीनच्या नावावर खपून जायचं. आता ते साऱ्या ऑफिसला दिसलं, आणि त्यांनाही. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

"आता मेमरी वाढवली ना?" मालकांनी अगदी गोड आवाजात विचारलं. महिनाअखेरीस त्यांना घरी बसवलं आणि त्यांची बिलंही माझ्या गळ्यात पडली. मशीनचं काय, ते दमत नाही. मी मात्र बसमध्ये उभ्या उभ्या पेंगायची.

बऱ्याच महिन्यांनी ते सुलतान बाजारात भेटले. दाढी वाढलेली, हातात भाजीची रिकामी पिशवी. घरचं विचारलं तर बोलणं टाळलं.

"मशीन कसं चालायलं?" एवढंच विचारून त्यांनी मान खाली घातली.

"कुठलं चालतंय!" मी बेधडक ठोकून दिलं. "पुन्हा रडायला लागलंय. माझीही बिलं अडकतात की हो."

"हौ?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"मुळीच नव्हती."

"घरी सांगतो, बाई," ते म्हणाले, आणि भाजी घ्यायची सोडून तसेच घराकडे वळले.