सायवनच्या गाण्यांची साइट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं तसं काही लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? आता पोटात राहत नाही म्हणून.

डहाणू रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण जीव सगळा ब्लॉगच्या एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा कोड सगळ्यांना खुला, जगभरातली माणसं मिळून तो लिहितात. त्यातल्या घडामोडी मी माझ्या ब्लॉगवर मराठीत देतो — नवी आवृत्ती कधी येतेय, काय बदललं, कोण कुणाशी भांडलं. वाचणारे मोजके. पण मिजास बघा, बातमी सगळ्यांत आधी माझीच पाहिजे!

सायवनच्या हेमाताई अंगणवाडीत काम करतात. त्यांची सासू धवलेरी होती, गावोगावी गाणी म्हणून लग्नं लावायची. ती गाणी ताईंनी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि मी त्यांना त्याच सॉफ्टवेअरवर साइट काढून दिली. मोबाइल भरला तेव्हा मीच म्हणालो, साइटवर आहेत ना, इथली उडवा. पुढे सासू गेली. तिचा आवाज उरला तो फक्त त्या साइटवर.

आता — कसं सांगू? आमच्या मंडळींत एक रीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं, म्हणजे चोराला आत शिरता येईल अशी चूक, तर बोभाटा करायचा नाही. बनवणाऱ्याला गुपचूप कळवायचं, तो भोक बुजवून अपडेट सोडतो, लोक ते टाकतात, मगच तोंड उघडायचं. साइटवर गाणी वाजवायला वरून जोडतात अशा एका प्लगइनमध्ये असं भोक निघालं. त्याचं मराठी भाषांतर माझ्याकडे, म्हणून मला आतून कळलं. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही! भोक कुठे आहे, आत कसं शिरता येतं, सगळं मी ठळक मथळा देऊन छापलं. तिकडे बनवणारे बिचारे अजून दुरुस्तीच करत होते.

ताईंच्या साइटवर तेच प्लगइन आहे, हे मला आठवलं नाही का? आठवलं. वाटलं, सायवनची साइट कोण कशाला शोधतंय.

दुसऱ्या दिवशी ती साइट उघडली तर जुगाराच्या जाहिराती. गाणी साफ गेलेली. बॅकअप? तो मी कधी घेतलाच नव्हता.

आधी माझी पोस्ट उडवली — आधी ते सुचलं, बघा. मग ताई बस पकडून दुकानात आल्या. रडत नव्हत्या. फक्त विचारलं, "भाऊ, माझ्याकडून काय चुकलं?"

आणि मी — मी म्हणालो, "ताई, तुम्ही अपडेट टाकलं नाहीत ना."

कुठलं अपडेट? ते निघालंच नव्हतं! त्या दिवशी जगात कुणालाच ते टाकता आलं नसतं. ताईंनी मान खाली घातली. उलट मलाच म्हणाल्या, "तुमची मेहनत वाया घालवली मी." मी त्यांच्यासाठी चहा मागवला. निर्लज्जपणा आणखी कशाला म्हणतात?

आईचा आवाज घालवला म्हणून नवऱ्याने ताईंशी बोलणं टाकलं. हे माझ्या कानावर आलं होतं. सायवनला जाऊन त्याला एक वाक्य सांगायचं होतं, बस. दरवेळी काहीतरी काम निघायचं — की मीच काढायचो?

गेल्या महिन्यात तलासरीला बायकांना ब्लॉग शिकवायचा वर्ग घेतला. ताई आपणहून आल्या आणि सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी आळस केला, माझ्या सासूची गाणी गेली, तुम्ही असं करू नका. बायका त्यांच्याकडे कीव करून बघत होत्या. मी शेजारीच उभा होतो, माईक माझ्या हातात होता.

मी तो काखेत धरला आणि टाळ्या वाजवल्या.