हात तर दिसून राहिले

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बारा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या पोरांनी एक छोटी फिल्म केली—भाताच्या रोवणीला जाणाऱ्या मुलीची. मी मराठीचा मास्तर, पण फोटोंचा नाद. म्हणून कॅमेरा आणि लाइट माझ्याकडे. लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राचा जुना कॅमेरा मागून आणला. मळणीला लावतात ते दोन हॅलोजन. उजेड परतवायला थर्माकोलचा पत्रा. आणखी काय परवडणार होतं?

मुख्य काम सुषमाचं ठरलं होतं. कोंढा गावची, स्वतः रोवणी करणारी, काळी. आदल्या दिवशी वर्गात तिला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, थर्माकोल जरासा पुढे सरकवला—आणि चेहरा असा आला, की मीच बघत राहिलो. हे लक्षात ठेवा. मी बघितलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, "सुषमा, कॅमेरा स्वस्तातला, लाइट कमी. तुझा चेहरा येऊनच नाही राहिला त्यात."

काम पल्लवीला दिलं—दुकानदाराची पोरगी, चिखलात कधी पाय न टाकलेली. रोप कसं धरायचं, तेही सुषमानंच तिला शिकवलं. "काय वो, रोवून राहिली का भाजी तोडून राहिली?" सुषमा म्हणाली, तसे सगळे हसले. मीही हसलो.

जवळून घ्यायचे हात मात्र सुषमाचेच घेतले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून ती हळूच म्हणाली, "सर, हात तर दिसून राहिले."

मी काय बोललो? "चला, उजेड चालला."

परवा कोंढ्याला एका साक्षगंधात, साखरपुड्यात, ती भेटली. तिच्या आठ वर्षांच्या पोरीनं फोटोला मोबाइल धरला, तशी सुषमा बाजूला झाली. "तुम्ही उभे राहा, सर. मी फोटोत येत नाही न—तुम्हीच तर सांगितलं होतं. माह्याच लग्नात खाली मुंडी घालून बसली होती मी." अगदी सहज, हसत.

इतकी वर्षं? माझं एक वाक्य?

पोरगी आईच्याच रंगाची. तिनं मोबाइल खाली घेतला. "मंग मी येते का, सर?"

"येतेस," म्हणालो. आईकडे न बघता.

कॅमेऱ्यात खोट नव्हती. उजेडातही नव्हती. मला पडद्यावर गोरी पोरगी हवी होती. बस.

चेहरा आला होता—हे सुषमाला सांगायचं अजून बाकी आहे.