राख-चिंचेचा रुपया

"खोटा! चक्क खोटा!" मी असा ओरडलो की निजामपुऱ्यातले सारे यंत्रमाग दचकून थांबले असतील. माझ्या जुन्या नाण्यांच्या गाडीपुढे पाड्यावरून आलेली म्हातारी उभी होती. होणाऱ्या सुनेला घालायचा चांदीचा रुपया खरा आहे, एवढंच तिला मुलीच्या बापासमोर माझ्याकडून ऐकायचं होतं. तो बाप ताडताड निघून गेला.

ती अंगठ्याने रुपया चोळतच राहिली. "दर लग्नाला राख-चिंचेनं घासतो आमी."

म्हणजे ज्यावरून मी खोटा ठरवला, ती लकाकी चिंचेची, आणि रुपयावरच्या राणीचं नाक पिढ्यान्‌पिढ्या घासून सपाट झालेलं! मी रुपया तोलला, वाजवला, भिंगाखाली धरला. बंद मुठीतलं नाणं ओळखतो म्हणून मिरवणारा मी, माझी मान वर होईना.

"आजी, खरा की खोटा, मला सांगता येत नाही."

रुपया पदराला बांधत ती म्हणाली, "ह्ये त्याच्यासमोर बोलाचं व्हतंस."