नवा करार कायद्याच्या कपाटात

औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक जुनं वाचनालय होतं, आणि त्या वाचनालयात देवगाव रंगारीचा कडूबा नोकरीला होता. झाडलोट, पुस्तकं काढून देणं, परत जागेवर लावणं, फाटलेल्या पानांना खळ लावून चिकटवणं, ही त्याची कामं. वाचक त्याला 'चालती यादी' म्हणत. पुस्तकाचं नाव कुणी अर्धवट सांगितलं, नुसता रंग सांगितला, तरी कडूबा स्टूल ओढायचा आणि वर चढून नेमकं तेच पुस्तक खाली काढायचा. पंधरा वर्षं झाली होती. "माझ्या हातानं ठेवलेलं पुस्तक हरवत नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते तो दिवसातून एकदा तरी म्हणायचाच.

सन सहासष्टची गोष्ट. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई सकाळच्या गाडीनं लासूर स्टेशनहून आली. चाळिशीची, नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी. नाव सारजाबाई. दारातच चपला काढून ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "दादा, पवित्र शास्त्र पायजे व्हतं."

"या की," म्हणत कडूबानं तिला थेट 'शास्त्र' लिहिलेल्या कपाटासमोर उभं केलं. "घ्या, बाई. ह्ये समदं शास्त्रच हाय."

सारजाबाईनं मान वाकडी करून एकेक नाव वाचलं. "ह्ये तर पिकाचं अन् इंजनाचं शास्त्र हाय, दादा. मला पवित्र पायजे."

"शास्त्र समदंच पवित्र असतं, बाई."

ती हसली. "बायबल, दादा. आम्ही लोक त्याला पवित्र शास्त्र म्हणतो."

कडूबानं स्टूल ओढलं. मग तो स्टूलावर चढला आणि वरच्या फळीवरून, जमिनीची मशागत आणि विजेची तोंडओळख यांच्या मधून, एक जाड काळं पुस्तक काढून त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं, पवित्र शास्त्र.

"बघा! म्हनलं नव्हतं? माझ्या हातानं ठेवलेलं हरवत नाय."

सारजाबाईनं पुस्तक आधी कपाळाला लावलं. मग कपाटाकडं एकदा बघितलं, कडूबाकडं एकदा बघितलं आणि मोठ्या अदबीनं विचारलं, "याच्या संगतीची बाकीची कुठं हायेत? अर्थाच्या टीका? शब्दसूची?"

टेबलामागून ग्रंथपाल तात्यासाहेब हे सगळं ऐकत होते. ते दोन वर्षांपूर्वी पुण्याहून रीतसर शिकून आले होते आणि एकेका पुस्तकाचं कार्ड करून त्यावर दशांश पद्धतीचा नंबर घालत होते. त्यांनी खण ओढून दाखवला. "बाई, बायबलचा नंबर दोनशे वीस. हा खण रिकामा आहे. हे एक पुस्तक सापडलं हेच नवल. बाकीचं आपल्याकडं नाहीच."

बाईचा चेहरा उतरला, पण ती लगेच उठली नाही. बाकावर बसून तिनं कडूबाला आपलं कारण सांगितलं. लासूर स्टेशनच्या अलीकडं त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची तीसेक घरं होती. दर रविवारी उपासना घेणारे मास्तर उन्हाळ्यात वारले. मंडळीनं सारजाबाईला पुढं केलं, पण त्यासाठी औरंगाबादेत परीक्षा द्यावी लागे. एकदा देऊन ती नापास झाली होती. आता सहा आठवड्यांनी पुन्हा होती आणि ती शेवटची संधी होती.

"वचन तोंडात येतं, दादा. पर कोन्त्या पुस्तकातलं, कितव्या अध्यायातलं इचारलं की माझी गाडी अडती. शब्दसूची असली म्हंजी एक शब्द धरून समदी वचनं हुडकता येतात. घरचं सासूबाईचं शास्त्र व्हतं, त्याला वाळवी लागली. अन् म्या नापास झाले तर दोन म्हैन्यातून एकदा लांबून कुनीतरी पाळक, म्हंजी पादरी, येनार. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना वाचता येत नाय. त्यांना कोन वाचून दावील?"

कडूबाला बाईची काळजी वाटली, तेवढीच स्वतःची लाजही वाटली. बायबल शास्त्राच्या कपाटात कुणी ठेवलं होतं? त्यानंच.

ते असं झालं होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरही काही वर्षं वाचनालयाचे कारभारी करीमसाहेबच होते. रजिस्टर उर्दूत, कपाटांवरच्या चिठ्ठ्या उर्दूत. सत्तावन्न साली करीमसाहेब निवृत्त होऊन खुलताबादला घरी गेले आणि नवा ग्रंथपाल यायच्या आतच वरून हुकूम आला की पंधरा दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या मराठीत करा आणि पुस्तकं विषयवार लावा. वाचनालयात एकटा कडूबा. लहानपणी गावच्या शाळेत तो चौथीपर्यंत उर्दूतच शिकला होता. मराठी अक्षरं नंतर दुकानांच्या पाट्या वाचून वाचून आली. त्यानं पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचायचं आणि त्या नावाच्या कपाटात पुस्तक घालायचं, एवढंच केलं. पंधरा दिवसांत साडेतीन हजार पुस्तकं. पुढं तात्यासाहेबांनी कार्डं केली तीही कपाटावरची चिठ्ठी बघूनच, आणि अर्ध्या पुस्तकांपर्यंत तर ते अजून पोचलेच नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी कडूबानं आपली पत्र्याची पेटी उघडली. तळाशी फडक्यात बांधलेलं उर्दू रजिस्टर होतं. जाताना करीमसाहेब म्हणाले होते, "कडूबा, इसकू फेंकना नक्को." म्हणून त्यानं ते जपलं होतं. पानं उलटता उलटता एका पानावर मथळा लागला. अलिफ, नून, जीम, ये, लाम. इंजील. बायबलच! त्याखाली अकरा ओळी. पण मथळा होता सुबक अक्षरात, आणि ओळी होत्या शिकस्ता वळणात, म्हणजे एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात. चौथीतल्या उर्दूची तिथं डाळ शिजेना.

सुट्टीच्या दिवशी कडूबा रजिस्टर काखेत मारून एसटीनं घाट चढून खुलताबादला गेला. करीमसाहेब ओसरीवर ऊन खात बसले होते.

"क्या रे कडूबा, जिंदा है क्या?"

"हौ साब. तुमचंच अक्षर वाचायला आलोय. मला नाय वाचता येत."

"मेरेकू भी नहीं आता अब," म्हणत त्यांनी चष्मा लावला, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून वाचू लागले. एक पादरीसाहेब मायदेशी परत जाताना सगळा संग्रह बैलगाडीत घालून वाचनालयाला देऊन गेले होते. 'किताब-ए-मुकद्दस, मराठी.' कडूबा म्हणाला, ही सापडली. 'अहदनामा-ए-जदीद.'

"म्हंजी?"

"अहदनामा, रे. करार. नया करार."

कडूबानं कपाळावर हात मारला. "साब, त्यो म्या कायद्याच्या कपाटात ठिवला! खरेदीखत, वाटणी, भाडेकरार, त्यांच्यासंगं."

"और पुराना करार?"

"नवा करार झाला म्हंजी जुना रद्द, असं समजून त्यो म्या कोपऱ्यातल्या जुन्या कागदात टाकला."

करीमसाहेबांना इतकं हसू आलं की आतून त्यांची सून मेहरुन्निसा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. पुढच्या ओळीला 'जबूर' होतं. जबूर म्हणजे स्तोत्रसंहिता, हे कळल्यावर कडूबा स्वतःच म्हणाला, "ती आरत्यांच्या शेजारी हाय." नीतिसूत्रांची टीका राज्यकारभारात, बायबलमधलंच 'राजे' इतिहासात, तसंच 'गणना' खानेसुमारीच्या म्हणजे जनगणनेच्या अहवालांत. एकेक ओळ वाचली जायची आणि कडूबाच्या डोळ्यांसमोर फळी उभी राहायची. अकरापैकी दहा जागा त्याला बसल्या जागी सापडल्या. अकरावी सापडेना.

"'फेहरिस्त-ए-अल्फाज.' लफ्जों की यादी," करीमसाहेब म्हणाले. "मोटी किताब थी. जिल्द निकल गई थी, तो मैं बांधने के वास्ते बाजू में रखा था."

शब्दसूची ती हीच! सारजाबाईला हवी होती ती. पण जाड, पुठ्ठा नसलेलं, पाठीवर नावच नसलेलं पुस्तक कुठल्या कपाटात जाणार? घाट उतरताना एसटीत कडूबा तेच घोकत होता. दौलताबाद मागं पडलं आणि तो एकदम उठून उभा राहिला. कंडक्टर ओरडला, "बसा की मामा, स्टँड लांब हाय अजून!"

पुस्तकांची फाटकी पानं खळीनं चिकटवली की वर वजन ठेवावं लागतं, नाहीतर पान वाळताना चुरमडतं. नऊ वर्षं कडूबा त्यासाठी एक जाडजूड, बिनपुठ्ठ्याचं पुस्तक वापरत होता. त्याला तो 'दाब' म्हणायचा. आत नुसते शब्द आणि आकडे, म्हणून कुठला तरी निकामी कोश असेल असं त्यानं धरलं होतं. शेकडो पुस्तकं त्या दाबाखाली नीट झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब आले तेव्हा टेबलावर अकरा पुस्तकं मांडलेली होती आणि कडूबा हात जोडून उभा होता.

"साहेब, माझ्या हातानं ठेवलेलं हरवत नाय, ह्ये खरं हाय. पर माझ्या हातानं ठेवल्यामुळं दुसऱ्याला सापडत नाय, ह्ये बी खरं हाय." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

तात्यासाहेबांनी एकेक पुस्तक उलटून पाहिलं. मग त्यांनी 'गणना' उचललं. "खानेसुमारीत?"

"व्हय."

"माझ्या कार्डावर खानेसुमारीचा नंबर मीच घातलाय की रे, पुस्तक न उघडता! मी तर शिकून आलोय." त्यांनी दोनशे वीसचा खण पुढं ओढला आणि दौत उघडली. "ते उर्दू रजिस्टर रोज दुपारी मला एक पान वाचून दाखवायचं. आणि शिकस्ता आलं की परत खुलताबाद. एसटीचं तिकीट वाचनालय काढील."

बुधवारी सारजाबाई सापडलेलं ते एक पुस्तक वाचायला आली, तर तिच्यापुढं अकरा मांडली गेली. जुनी पुस्तकं घरी द्यायची नाहीत असा नियम होता, म्हणून ती दर बुधवारी आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. भाकरी सोडायला ती पायरीवर बसे, आणि मग तिच्या शेजारी, जरा अंतर राखून, कडूबाही आपला डबा उघडे. कुठलं पुस्तक कुठं सापडलं हे तिनं त्याच्याकडून इतक्या वेळा वदवून घेतलं की तिला ते पाठ झालं.

"दादा, तुमचं लई काय चुकलं नाय. गणना म्हंजी मोजदादच. माणसंच मोजलीत त्यात."

"अन् करार?"

"करारच की त्यो. देवाचा अन् माणसाचा. फकस्त जुना रद्द व्हत नाय. तेवढं तुमचं चुकलं."

"वाटणीच्या कागदात तर व्हतो."

"ही वाटणी न्हाई, दादा. ह्यात कुनाचा हिस्सा कमी व्हत नाय."

कडूबानं भाकरीचा घास तसाच हातात धरला. कायद्याच्या कपाटात असा एकही कागद नव्हता हे खरं.

परीक्षा कार्तिकात झाली. तोंडी परीक्षेत तिला विचारलं की नव्या करारामुळं जुना मोडला का. सारजाबाईनं आधी औरंगाबादच्या एका माणसानं नवा करार कुठल्या कपाटात ठेवला होता ते सांगितलं, मग त्याचं काय चुकलं ते सांगितलं, आणि मग एकामागून एक सहा वचनं पुस्तक आणि अध्यायासकट म्हणून दाखवली. परीक्षक हसले, आणि हसता हसता त्यांनी लिहिलं, उत्तीर्ण.

हे सांगायला ती स्वतः आली, डब्यात करंज्या घेऊन. शब्दसूचीसाठी तिनं जाड मांजरपाटाचं बासन शिवून आणलं होतं, नाड्यांसकट. "पुठ्ठा नाय तर नाय, कापड तरी असू द्या तिच्या अंगावर," ती म्हणाली. "येत्या ऐतवारी माझी पैली उपासना. आभार मानायच्या वक्ताला तुमचं नाव घेणार हाय म्या. कडूबादादा, देवगाव रंगारी."

कडूबानं करंज्यांचा डबा दोन्ही हातांनी घेतला. "करीमसाहेबांचं बी घ्या," तो म्हणाला.

"घेते की."

कडूबानं शब्दसूची बासनात बांधली आणि फळीवर ठेवली. फळीखाली त्यानं स्वतःच्या हातानं नवी चिठ्ठी डकवली, 'पवित्र शास्त्र (पिकाचं नव्हे)', आणि त्याखाली उर्दूत 'इंजील'. कंसातलं खोडून टाक असं तात्यासाहेब दोनदा म्हणाले, पण त्यांनीही ते खोडलं नाही. दाबासाठी कडूबानं एक विटकर धुऊन कागदात गुंडाळून घेतली.

त्याच दुपारी त्यानं एक पोस्टकार्ड घेतलं आणि चौथीनंतर पहिल्यांदाच उर्दूत पत्र लिहिलं. अकराच्या अकरा किताबें मिळाली. लासूरची बाई पास झाली. रविवारी गिरजाघरात आपलं दोघांचं नाव घेणार आहे. आपण वाचून दाखवलं नसतं तर काही झालं नसतं. एवढं लिहायला त्याला पाऊण तास लागला.

आठवड्यानं उत्तर आलं. उत्तर म्हणजे त्याचंच पोस्टकार्ड पाकिटात घालून परत आलं होतं. करीमसाहेबांनी लाल शाईनं तीन चुका दुरुस्त केल्या होत्या आणि खाली, कडूबाला वाचता यावं म्हणून, शिकस्ता सोडून एकेक अक्षर सुटं सुटं काढून लिहिलं होतं, 'शाबाश'.