तीर्थपुरीत चालते, सासरी बंद पडते

गाडी तिसऱ्यांदा माझ्या दुकानात आली ती टेम्पोत बसून. मागं पिठाच्या गिरणीचे बाबूराव उभे, दोन्ही हातांनी हँडल धरून. टेम्पो थांबला तरी ते खाली उतरेनात.

"रशीदभाई, व्याह्यांनी सांगून टाकलं," ते म्हणाले. "गाडी नीट झाल्याबिगर सुमनला न्यायला येत न्हाईत."

मला एकदम तिडीक आली. सुमन बाबूरावांची एकुलती एक लेक. लग्न उन्हाळ्यात झालं, मंठ्याच्या पुढं आडवळणाच्या एका गावात. लग्नात बाबूरावांनी जावयाला मोटारसायकल दिली. शंभर सीसीची, कंपनीतली सगळ्यात स्वस्त, पण नवीकोरी. पंचमीला लेक माहेरी आली, आणि दसरा जवळ आला तरी सासरचं कोणी फिरकेना. का? तर गाडी बंद पडते. व्याही म्हणे, आम्हाला खोटी गाडी दिली. आता गाडीचा राग माणसावर काढायचा असतो का? पण तो काढून राह्यले होते, आणि पोरगी गिरणीत दाणे पाखडत बसली होती.

आणि खरं सांगायचं तर हा माझ्याही अब्रूचा प्रश्न झाला होता. तीर्थपुरीच्या बाजारात स्टँडमागं माझं दुकान. फोर स्ट्रोक गाड्या आमच्याकडं नुकत्याच यायला लागल्या होत्या, आणि त्यांचा कार्बोरेटर लावावा तर रशीदनंच, असं लोक म्हणायचे. मी पण ऐकून घ्यायचो. कशाला नको म्हणू?

कार्बोरेटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात हवा बराबर मिसळावी लागते. हे मिसळायचं काम करणारं मुठीएवढं भांडं म्हणजे कार्बोरेटर. त्याला दोन स्क्रू असतात. एकानं गाडी उभ्या उभ्या किती जोरात चालायची ते ठरतं, त्याला आम्ही स्लो म्हणतो. दुसऱ्यानं मिश्रण कमी-जास्त होतं. इंजिन गरम करायचं, मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवत जायचं आणि कान लावायचा. एका जागी इंजिनाचा आवाज मोकळा होतो. तिथं हात थांबला पाहिजे. मंग स्लो कमी करायचा. झालं ट्यूनिंग. सांगायला सोपं आहे. पण गाववाले पाच पैशाचं नाणं घालून तो स्क्रू फिरवतात आणि वर मलाच सांगतात, मिस्त्री, तुम्ही लावला तेव्हापासून गाडी ओढत नाही.

या गाडीचंही आधी मला तेच वाटलं होतं. पहिल्यांदा जावई भास्कर स्वतः घेऊन आला, तेव्हा प्लग काळा होता. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. कार्बोरेटर खोलला, धुतला, जेट म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं फुंकली, ट्यून करून दिला. गाडी मस्त गेली. पंधरवड्यात परत. पुन्हा तेच केलं. गाडी पुन्हा मस्त गेली, आणि सासरी पोचून चार दिवसांत बंद. दरम्यान व्याह्यांनी जालन्याच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं निकाल दिला, कंपनीचा कार्बोरेटर खराब आहे, काढून मोठ्या गाडीचा बसवा. बाबूराव तोही आणायला तयार झाले होते.

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो. "ज्या इंजिनाला जो कार्बोरेटर कंपनीनं दिला, तोच त्याला पचतो. आधी गाडी खाली घ्या."

या वेळी मी घाई केली नाही. प्लग काढला आणि उन्हात धरला. पेट्रोल जास्त झालं तर प्लगवर कोरडी काजळी येते, बोट लावलं की पुसली जाते. हा प्लग ओला होता. चकचकीत, तेलकट. म्हणजे पेट्रोल नाही, तेल जळत होतं. इंजिनातलं तेल वर चढतंय का, म्हणून तेलाची पट्टी काढून बघितली. तेल जिथल्या तिथं. तेल कमी होत नाही आणि प्लगवर तर तेल येतंय. मंग ते येतंय कुठून?

रात्री जेवतानाही माझं डोकं तिथंच. बायको म्हणाली, भाकरी खाऊन राह्यले का प्लग? मी तिला सगळं सांगितलं. गाडी इथं चालते, तिथं बंद पडते. ती म्हणाली, मंग तिथं जाऊन बघा ना, इथं बसून काय दिसणार आहे? तिला इंजिनातलं काही कळत नाही, पण बोलली ते पटलं. सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं.

गाडी आदल्या दिवशीच धुऊन, ट्यून करून ठेवली होती. बाबूरावांना मागं बसवलं आणि मीच चालवत निघालो. वाटेत मंठ्याच्या पंपावर पेट्रोल घेतलं, टाकीत थोडंच आणि जवळच्या डबीत थोडं. गाडी अशी चालली की बाबूराव मागून गाणं गुणगुणायला लागले. गाव जवळ आलं तसं त्यांचं गाणं बंद झालं.

व्याही दादाराव ओसरीवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून उठले नाहीत. "आता चालते," म्हणाले. "दरवेळी अशीच चालत येते. परवापर्यंत बघा."

"बघायलाच आलोय," मी म्हणालो. "मी मुक्कामाला आलोय."

बाबूरावांनी घाबरून माझ्याकडं बघितलं. लेकीच्या सासरी असं बोलत नाहीत. पण मी कुठं मुलीचा बाप होतो? मला काय भीती?

भास्करला मी एकच सांगितलं, मी इथं नाहीच असं समज आणि रोज गाडीचं जे जे करतो ते सगळं कर. पोरगा तसा गुणाचा होता. बापासमोर तोंड उघडत नव्हता, एवढाच दोष. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाडी पुसली, किक मारली, शेतात चक्कर मारून आला. सगळं ठीक. स्क्रूला हात लावला नाही. दुपारी गाडी अडखळली. पेट्रोल संपत आलं होतं, मी मुद्दामच कमी ठेवलेलं. त्यानं गाडी ढकलत मारुतीच्या पाराशेजारच्या किराणा दुकानापुढं नेली. मी मागं मागं.

दुकानदारानं आतून एक काचेची बाटली काढून दिली. पेट्रोलची. त्या गावाला पंप लांब, म्हणून पेट्रोल दुकानातच मिळायचं, हे आमच्या भागात सगळीकडंच चालायचं. पण बाटलीतल्या पेट्रोलची झाक मला वेगळी दिसली. मी भास्करचा हात धरला.

"यात काय घालता?" मी दुकानदाराला विचारलं.

"ऑइल," तो म्हणाला. "मिक्स करूनच ठेवतो ना. गिऱ्हाइकाला त्रास नको."

झालं. मला तिथंच खाली बसून हसावं वाटलं. गावात सगळ्या मोपेडी. मोपेड टू स्ट्रोक. तिच्या इंजिनात तेलाची वेगळी जागा नसते, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. बिचारा दुकानदार चांगल्या मनानं मिसळून ठेवायचा. अन् ही गावातली पहिली फोर स्ट्रोक गाडी. हिचं तेल खाली इंजिनात वेगळं असतं. हिला पेट्रोलमधून तेल दिलं की ते जळत नाही नीट, प्लगवर बसतं, जेटमध्ये चिकटतं, आणि गाडी गुदमरते. भास्कर दर चार दिवसांनी तिला तेल पाजत होता. माझ्याकडं येता-जाता मात्र वाटेत मंठ्याच्या पंपावर भरायचा. म्हणून माझ्यापुढं गाडी साळसूद.

"अरे, तुला ठाऊक होतं यात ऑइल आहे?" मी भास्करला विचारलं.

"होतं की," तो म्हणाला. "बाबांची मोपेड याच्यावरच चालते. मला वाटलं, तेल असल्यावर इंजिनाला गुणच येईल."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून मला कोणी सांगितलं नाही.

आता हे दादारावांना पटवायचं होतं, आणि तेही चार माणसांत, कारण खोटी गाडी दिली असं त्यांनी चार माणसांतच म्हटलं होतं. मी त्यांना पारावर बोलावलं. आले, पण तोंड फुगवून. मी दुकानातून जुना पेपर घेतला. त्यावर एकीकडं माझ्या डबीतल्या पेट्रोलचा थेंब टाकला, दुसरीकडं बाटलीतल्या पेट्रोलचा. उन्हात धरला. माझा थेंब उडून गेला, कागद कोराच्या कोरा. बाटलीच्या थेंबाचा भज्याच्या कागदासारखा डाग राहिला.

मंग बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि भास्करला गावाला फेरी मारून यायला सांगितलं. परत आला तो निळा धूर सोडत. पारावरची माणसं खोकायला लागली. प्लग काढून दादारावांच्या हातात दिला. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला, आणि धोतराला पुसली.

आता माझी पाळी. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर तिथंच पारावर खोलला, धुतला, जेटमधून आरपार उजेड दिसेपर्यंत फुंकला. नवा प्लग लावला, डबीतलं पेट्रोल ओतलं. किक मारली. इंजिन गरम होऊ दिलं आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. स्क्रू हळूहळू फिरवत गेलो, आवाज मोकळा झाला तिथं थांबलो, स्लो उतरवला. गाडी अशी शांत चालायला लागली की दुकानदारानं वाकून बघितलं, चालू आहे का बंद. कोणी तरी मला चहा आणून दिला होता, तो भरलेला कप मी सीटवर ठेवला. एक थेंब सांडला नाही. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला माझाच लई अभिमान वाटला.

"कार्बोरेटर कंपनीचाच आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "गाडी खरी आहे. देणारा माणूसही खरा आहे."

बाबूरावांनी उपरणं डोळ्याला लावलं. दादाराव धोतर झटकत उठले. मंग म्हणाले, बरं, आता चांगला दिवस बघून सुनेला आणायला येऊ.

माझं डोकं पुन्हा फिरलं. "दिवस कशाला बघता? पोरीला माहेरी बसवून ठेवलं तेव्हा बघितला होता का?"

ते काही म्हणायच्या आत भास्करनं गाडीवर टांग टाकली. बापाकडं न बघता म्हणाला, "मी जाऊन येतो." दादारावांनी त्याला अडवलं नाही. खाली मान घालून नुसतं म्हणाले, सावकाश जा.

आम्ही तिघं एकाच गाडीवर निघालो. पुढं भास्कर, मधी बाबूराव, मागं मी, हत्यारांची पिशवी मांडीवर. शंभर सीसीची स्वस्तातली गाडी, पण चढालाही तिनं दम टाकला नाही.

गिरणीपुढं उतरलो तर सुमन दारातच. अंगावर पीठ, हातात सूप. ती नवऱ्याकडं बघेना. माझ्याकडं वळली.

"चाचा, गाडी आता पुन्हा बिघडणार न्हाई ना?"

मी सांगितलं, पेट्रोल पंपावरचं घातलं तर नाही. तरी मशीनच ती, कधी तरी बिघडणारच.

"बिघडली तर?" हे तिनं नवऱ्याला विचारलं.

भास्करनं चावी काढून मुठीत धरली. "बिघडली तर गाडीला माहेरी पाठवीन," तो म्हणाला. "तुला न्हाई."

सुमननं सूप खाली ठेवलं आणि हात धुवायला आत गेली. बाबूराव तिच्या मागं गेले, पिशवी भरायला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले तेव्हा मी दुकानातूनच आवाज ऐकला. बराबर होता.

त्या गावात पुढं फोर स्ट्रोक गाड्या वाढल्या. दुकानदार साधं पेट्रोल वेगळं ठेवायला लागला. मी धंद्यात एक शिकलो. गाडी दोनदा नीट करूनही बिघडून आली, तर तिसऱ्यांदा गाडी खोलण्याआधी ती राहते कुठं ते बघून यावं.