अण्णांच्या स्वागताचा फ्लेक्स

माझ्या लग्नात नाराज झालेला माणूस एकच होता, आणि तो माझा बाप होता.

अण्णा पेंटर. चिखलीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. माझ्या लग्नाच्या बोर्डासाठी त्यांनी तीन दिवस रंग घोटले आणि मी (अक्कल माझी नेहमी सेकंड शिफ्टला येते) परस्पर फ्लेक्स छापून आणला. तासाभरात मिळाला, वर गुलाबाची फुलं फुकट! अण्णांनी अक्षता टाकल्या, ब्रश पिशवीत भरले आणि गेले ते गेलेच. गावोगावच्या देवळांच्या भिंती रंगवत फिरायचे. नऊ वर्षं माझ्याशी एक शब्द नाही.

शेवटी ताईनं मध्यस्थी केली. "रविवारी सकाळी येतो, पण फक्त चहाला," असा त्यांचा निरोप आला. हा चहा बिघडला तर पुन्हा येणं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरात छापील म्हणून जे होतं ते मी लपवलं. कॅलेंडरसुद्धा पलंगाखाली.

"साबणाच्या वडीवरचं नावपण खरवडू का?" शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

(मी खरंच विचार करत होतो.)

साडेनऊला दूध आणायला खाली उतरलो आणि बघतो तर काय, सोसायटीच्या गेटवर वीस फुटी फ्लेक्स! 'आदरणीय अण्णांचे हार्दिक स्वागत.' मधोमध अण्णा, गॉगल लावलेले. (जन्मात कधी घातला नाही हो!) खाली अकरा शुभेच्छुक, त्यांत सगळ्यात मोठा मी, कानाला मोबाइल लावून. आणि फ्लेक्सखाली छाती काढून उभे दाजी, ताईचे यजमान.

"कसं वाटतंय, पाव्हणं?"

"दाजी! अहो, अण्णा घर सोडून गेले ते फ्लेक्समुळं!"

"व्हय की! बोर्डात मान राखला न्हाई म्हणून रुसलेत, असं तुमची बहीणच म्हणाली. म्हणून तर मोठा केला! लग्नातला सहा फुटीच व्हता न्हवं?"

"उतरवा आधी!"

"राव, माणूस यायच्या आधी त्याचा फ्लेक्स उतरवत्यात व्हय? लोक काय समजतील?"

मग मीच वॉचमनची शिडी घेऊन चढलो. एक दोरी सोडली. दुसरी तिची तीच सुटली. मी, शिडी आणि फ्लेक्स असे तिघे एकदम खाली आलो. मी आत, फ्लेक्स वर, आणि बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज!

"जावईबापू, आत कोण आहे?" अण्णांचा आवाज. नऊ वर्षांनी ऐकत होतो.

"तुमचाच मुलगा हाय."

आता हा माणूस त्याच रिक्षानं परत जाणार! मी फ्लेक्सच्या आतूनच ओरडलो, "अण्णा, चुकलो! जाऊ नका!"

मग अण्णा म्हणाले, तेही दाजींनाच, "'हार्दिक' आणि 'स्वागत'च्या मधून बैलगाडी जाईल. कुणी केलंय हे?"

"कॉम्प्युटरनं."

"तरीच. पाठ कोरी असेल ना? उलटा करा. रंग बघा कुठं मिळतो का."

वॉचमनकडं पार्किंगच्या पट्ट्यांचा पिवळा रंग होता. फ्लेक्स उलटा करून पुन्हा गेटला बांधला, आणि अण्णा पिशवीतला ब्रश काढून स्वतःचंच हार्दिक स्वागत रंगवायला शिडीवर चढले. मी मुकाट्यानं शिडी धरली. केस पार पांढरे झाले होते त्यांचे. ते बघता बघता माझी पकड सुटली, शिडी हलली, आणि वरून आवाज आला,

"नीट धर, गाढवा!"

आख्खी सोसायटी बाल्कनीत उभी होती. कंपनीतली माझ्या हाताखालची दोन पोरंही तिथंच राहतात. पण अण्णा माझ्याशी बोलले होते! मी शिडी धरून घळाघळा रडलो.

चहा झाला, जेवण झालं, अण्णा मुक्कामाला राहिले. शैला मात्र अजून फुरंगटलेली आहे. म्हणते, "गाढव तर मी रोज म्हणते, तेव्हा नाही डोळ्यांत पाणी येत ते!"